टँकर, रांगा, धरणं आणि गणित: डेटा अ‍ॅनालिटिक्स आणि ऑपरेशन्स रिसर्चबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी या विषयात काम करते म्हटलं की लोक हमखास विचारतात की म्हणजे नक्की काय करता, आणि त्यातून समाजाचं काय भलं होतं. गेल्या काही वर्षांत हेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी एका जागी लिहून काढले. क्रमानं वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न गाठा.

डेटा अ‍ॅनालिटिक्स आणि ऑपरेशन्स रिसर्च, दोन्ही एकच का?

नाही, पण चुलत भावंडं आहेत. डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणजे जे घडलंय त्याच्या नोंदी नीट बघून काय चाललंय आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं. ऑपरेशन्स रिसर्च, आम्ही नुसतं ओआर म्हणतो, त्याच्या पुढची पायरी: आता हे कळलं ना, मग आपल्याकडे इतक्याच गाड्या, इतकीच माणसं, इतकेच पैसे आहेत, त्यात सगळ्यात चांगला निर्णय कोणता? समजा तालुक्यात मे महिन्यात कुठल्या गावांना पाणी कमी पडणार हे सांगणं झालं अ‍ॅनालिटिक्स, आणि आहेत त्या सात टँकरनी कुठल्या गावाला कधी आणि कुठल्या विहिरीवरून भरून जायचं हे ठरवणं झालं ओआर. एकाशिवाय दुसरं लंगडं पडतं. नुसता अंदाज असला की रिपोर्ट तयार होतो आणि कपाटात जातो, आणि नुसतं गणित असलं पण आकडे चुकीचे असले की चुकीचं उत्तर अगदी झटपट आणि आत्मविश्वासानं मिळतं.

‘ऑपरेशन्स’ हे नाव कुठून आलं? हॉस्पिटलशी संबंध आहे का?

नाव लष्करातलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ब्रिटनमध्ये रडार तयार झालं, पण ते प्रत्यक्ष मोहिमेत कसं वापरायचं हे शोधायला शास्त्रज्ञ बसवले, त्यावरून हे नाव पडलं. पॅट्रिक ब्लॅकेट हे त्यातलं मोठं नाव, त्यांना पुढे १९४८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या गटानं अटलांटिकमधून येणाऱ्या मालवाहू जहाजांच्या ताफ्यांचे जुने आकडे काढले आणि दिसलं असं की ताफा मोठा असो की छोटा, पाणबुड्या बुडवतात ती जहाजं साधारण तेवढीच. म्हणजे मोठा ताफा केला तर बुडणाऱ्यांचं प्रमाण कमी! शिवाय ताफ्यातली जहाजं दुप्पट केली तरी त्याचा घेर काही दुप्पट होत नाही, त्यामुळे राखणीच्या बोटीही कमी लागतात. तोपर्यंत नौदलाचा समज नेमका उलटा होता, की छोटे ताफे सुरक्षित. नवीन शस्त्र काही शोधलं नाही, आहे तेच वेगळ्या पद्धतीनं लावलं आणि माणसं वाचली. मला या विषयाची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे.

पण हे सगळं कंपन्यांचं नफ्याचं काम ना? गरीब माणसाला याचा काय उपयोग?

हा प्रश्न बरोबरच आहे, कारण विमानाची तिकिटं आणि कुरिअरच्या गाड्या यात हे गणित खूप वापरतात. पण मुळात यातलं एक सगळ्यात जुनं गणित आहे ते पोट भरण्याचं. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिगलर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं विचारलं की एका माणसाला वर्षभर लागणारी सगळी पोषणतत्त्वं कमीत कमी किती पैशांत मिळतील? त्यानं ७७ पदार्थ आणि ९ पोषणतत्त्वं घेतली आणि अंदाजानं उत्तर काढलं, १९३९ च्या भावानं वर्षाला ३९.९३ डॉलर. मग १९४७ मध्ये जॉर्ज डँटझिगनं अशा कोड्यांचं सगळ्यात चांगलं उत्तर पायरीपायरीनं काढायची सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि ती तपासायला हेच कोडं घेतलं. कॉम्प्युटर नव्हते, त्यामुळे हातानं चालवायच्या यंत्रांवर कारकून बसले, एका माणसाचे १२० दिवस होतील एवढं काम झालं, आणि अचूक उत्तर आलं ३९.६९ डॉलर. फरक फक्त २४ सेंटचा!

आता त्या आहारात होतं काय तर गव्हाचं पीठ, कोबी, पालक, वाळलेल्या शेंगांचे दाणे असलं. रोज कोण खाणार ते? म्हणून तेव्हा ते कागदावरच राहिलं. पण तेच गणित आज संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम वापरतो, फक्त त्यात तिथले लोक काय खातात, कुठल्या बाजारात काय मिळतं, कुठल्या बंदरातून कुठल्या रस्त्यानं जाईल, रस्ता बंद पडला तर काय, हे सगळं एकत्र घालतात. म्हणजे शिध्यात डाळ किती, तेल किती आणि ते आणायचं कुठून, हे वेगवेगळ्या खात्यांत न ठरवता एकाच वेळी ठरतं. या कामाला २०२१ मध्ये ओआरमधला सगळ्यात मानाचा फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. वाचलेला प्रत्येक रुपया म्हणजे त्याच पैशात अजून एका घराचा शिधा, इथे नफ्याच्या जागी तो शिधा मोजायचा असतो इतकाच फरक.

आपल्याकडे रेशनचं धान्य गोदामातून दुकानात कुठल्या मार्गानं जातं यावरही असंच काम झालंय, डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘अन्नचक्र’ नावाची व्यवस्था सुरू केली, त्यात जागतिक अन्न कार्यक्रम आणि आयआयटी दिल्लीची संस्था सोबत आहेत. सरकारच्या अंदाजानं वाहतुकीत वर्षाला २५० कोटी रुपये वाचतील.

आमच्याकडे डेटाच नसतो, आणि असला तर खोटा असतो. मग?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझा आवडता पण.

१९४७ ची गोष्ट ऐका. फाळणीनंतर दिल्लीत दंगली चालू होत्या आणि हजारो माणसं लाल किल्ल्यात आसऱ्याला गेली होती. त्यांना जेवण पुरवायचं काम ठेकेदारांकडे. ठेकेदार म्हणेल तेवढी बिलं सरकार भरत होतं, कारण आत माणसं नक्की किती हे कोणालाच माहीत नव्हतं आणि आत जाऊन मोजायची सोयही नव्हती. तेव्हा संख्याशास्त्रज्ञांना विचारलं. त्यांच्याकडे फक्त ठेकेदाराची बिलं: तांदूळ इतका, डाळ इतकी, मीठ इतकं. आणि माणूस सरासरी किती तांदूळ, किती डाळ, किती मीठ खातो याचे आधीच्या पाहणीतले आकडे. त्यांनी तिन्ही भागाकार केले. खरं तर तिन्हीतून माणसांची संख्या एकच यायला पाहिजे ना? आली नाही. तांदळावरून काढलेली सगळ्यात मोठी आणि मिठावरून काढलेली सगळ्यात लहान. तांदूळ महाग, तिथे आकडा फुगवला तर पैसे सुटतात, आणि मीठ इतकं स्वस्त की त्यात खोटं बोलून ठेकेदाराला काय मिळणार? म्हणून मिठाचा आकडा धरला. हीच पद्धत हुमायूनच्या कबरीजवळच्या छोट्या छावणीवर लावून बघितली तर तिथे उत्तर खऱ्या संख्येच्या जवळ आलं. ही युक्ती जे. एम. सेनगुप्ता यांची, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या कोलकात्याच्या संस्थेशी संबंधित असलेले.

तर खोटा डेटा हा पण डेटाच असतो, फक्त खोटं कोण आणि का बोलतंय हे कळायला पाहिजे. मी कुठलाही सरकारी तक्ता हातात घेतला की पहिलं हेच विचारते, हा आकडा फुगवून कोणाला काय मिळतं, आणि दाबून कोणाला काय मिळतं. हजेरीपटावरची मुलं, टँकरच्या फेऱ्या, कुपोषित बालकं, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. आणि मग ‘मीठ’ शोधायचं, म्हणजे ज्यात खोटं बोलायला कोणाला कारणच नाही अशी नोंद. टँकरच्या बाबतीत ते मीठ म्हणजे डिझेलची पावती आणि विहिरीवरच्या मोटरचं वीजबिल.

आणि मुळात नोंदच नसेल तर?

मग मोजायला लागतं, दुसरा इलाज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तेच केलं. गावात बाळ जन्मलं आणि चार दिवसांत गेलं तर त्याची नोंद अनेकदा कुठेच होत नसे, ना जन्माची ना मृत्यूची. त्यांनी गावोगाव प्रत्येक जन्म आणि मृत्यू लिहायला सुरुवात केली, मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी सुरू केली आणि दुसऱ्या ४७ गावांत नेहमीचीच सरकारी सेवा, अशी तुलना ठेवली. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत नवजात बालमृत्यू तुलनेनं ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, त्याचं मूळ यात आहे. कॉम्प्युटर मॉडेल वगैरे नव्हतं काही, वही होती आणि तुलना करायला दुसरी गावं सोडलेली होती. त्या दुसऱ्या गावांशिवाय कोणीही म्हणू शकलं असतं की अहो, तसेही मृत्यू कमी होतच होते.

पीक विम्याचे आकडे आमच्या शेताशी कधीच जुळत नाहीत, यात काही शास्त्र आहे का?

आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. पीक किती आलं हे काढायला शेतातला एक ठरावीक तुकडा कापून, मळून, वजन करतात, त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. १९४० च्या दशकात यावर मोठा वाद झाला की तुकडा केवढा असावा. महालनोबिस छोटे तुकडे घ्या म्हणायचे, कमी कष्टात जास्त ठिकाणी घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवलं की फार छोटा तुकडा घेतला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? कारण कडेवरचं रोप आत की बाहेर हा प्रश्न आला की कापणारा हात नकळत त्याला आतच घेतो, आणि तुकडा जितका छोटा तितकी कड जास्त. शेतात उभं राहून बघितल्याशिवाय हे सुचणारच नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. पीक विम्यात उत्पादनातली घट तुमच्या एकट्याच्या शेताची नाही मोजत, तर महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात आणि ते उंबरठा उत्पादनापेक्षा, म्हणजे आधीच्या वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या आकड्यापेक्षा, कमी असेल तर भरपाई. मंडळात एका बाजूला पाऊस झाला आणि तुमच्या शिवारात नाही झाला, तरी सरासरी चांगली येते आणि तुम्ही कोरडे. हा दोष मोजणाऱ्याचा नाही, मोजायचं एकक मोठं घेतल्याचा आहे. आणि मंडळाची ही सरासरी मोजक्या शेतांतल्या कापणीवरून निघते, म्हणून जिथे कापणी होणार तो गट नंबर लॉटरीसारखा आकड्यांनीच निवडायचा असतो, आणि शेतातली जागासुद्धा नैऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावलं मोजून घ्यायची असते, बांधाजवळचं सोयीचं चांगलं पीक बघून नाही. प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्यांनी हजर राहणं यासाठीच महत्त्वाचं. माझं स्पष्ट मत आहे की विमा कंपनीशी भांडण्यात जेवढी ताकद जाते त्याच्या निम्मी जरी कापणीच्या दिवशी शेतात उभं राहण्यात लावली तर जास्त हाती लागेल.

टँकरचं उदाहरण सारखं देता, त्यात गणित काय एवढं?

एक टँकर आणि दहा गावं घ्या. कुठल्या क्रमानं जायचं याचे प्रकार होतात ३६,२८,८००. पंधरा गावं केली तर साधारण १.३ लाख कोटी. माणूस बसून हे तपासू शकत नाही, कॉम्प्युटरसुद्धा सगळे तपासत नाही, हुशारीनं बहुतेक वगळतो. डँटझिग आणि रॅमसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोलच्या ट्रकसाठी हे कोडं पहिल्यांदा मांडलं, त्यातूनच आजचे सगळे रूट काढायचे प्रोग्रॅम आले.

पण मला शिकायला मिळालं ते वेगळंच. माझ्या आजोळच्या तालुक्यात एका उन्हाळ्यात आम्ही तिघं मैत्रिणी टँकरबरोबर फिरलो. ठरवलेलं होतं की रूट सुधारून द्यायचा. पहिल्याच दिवशी कळलं की रूटनं काही होणार नाहीये. टँकर रस्त्यावर कमी आणि भरायच्या विहिरीवर जास्त वेळ उभे. विहीर एक, मोटर एक, आणि वीज जाऊन-येऊन. सकाळी अकराला चार टँकर ओळीत उभे होते, ड्रायव्हर कडुलिंबाखाली झोपलेले, आणि लॉगबुकात फक्त फेऱ्यांची संख्या, भरायला किती वेळ लागला याचा रकानाच नाही. इकडे गावात बायका हंडे विहिरीच्या काठावर लावून बसलेल्या, कारण टँकर आला की विहिरीतच पाणी सोडतात आणि मग पोहऱ्यानं शेंदायचं, जी आधी आली तिला स्वच्छ पाणी आणि शेवटच्या घराला गाळ. रात्री दोनला टँकर आला तर रात्री दोनला उठायचं. टंचाईचा निकष माणशी रोज २० लिटर असा आहे, पण हा निकष गावाच्या लोकसंख्येवर काढतात, तुमच्या हंड्यात किती पडलं यावर नाही.

आम्ही शेवटी रूट नाही दिला. दुसरी मोटर आणि जनरेटर ठेवा, भरायच्या वेळा टँकरवार वाटून द्या, आणि गावात सिंटेक्सच्या टाक्या ठेवा म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी धावायला नको, एवढं एका पानावर लिहून दिलं. ओआरमध्ये याला अडलेली जागा शोधणं म्हणतात, साखळीची गती तिच्या सगळ्यात हळू कडीएवढीच असते, बाकी कड्या कितीही पळवा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती सगळ्यांना आठवत असेल. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख. तिथेही रेल्वे चालवणं हा सोपा भाग होता, मिरजेत भरणं आणि लातुरात उतरवून शुद्धीकरणापर्यंत नेणं हा अवघड.

१०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स कुठे उभी करायची हे कसं ठरवतात?

महाराष्ट्रात २०१४ मध्ये ही सेवा ९३७ अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली. विचार करा, ९३७ गाड्या आणि एवढा मोठा राज्याचा पसारा. इथे दोन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते एकच समजतात. एक, सगळ्यांना मिळून सरासरी वेळ कमीत कमी लागावा. दोन, ठरलेल्या वेळात, समजा तीस मिनिटांत, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचावं. दुसऱ्याचं गणित चर्च आणि रेव्हेल यांनी १९७४ मध्ये मांडलं. दोन्हींत गाड्या शहराकडे ओढल्या जातात कारण माणसं तिथे जास्त. मग मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्यातल्या पाड्यावरच्या बाईचं काय? त्यासाठी तिसरा प्रश्न विचारावा लागतो, की सगळ्यात लांबच्या माणसाला लागणारा वेळ कमीत कमी करा. तिन्ही उत्तरं गणितानं बरोबर, आणि तिन्हींत गाड्या वेगळ्या ठिकाणी उभ्या. यातलं कुठलं निवडायचं हे कॉम्प्युटर ठरवत नाही, ते आपण ठरवतो, आणि ते बंद खोलीत ठरू नये, बास.

सरकारी दवाखान्यातली रांग गणितानं कमी होते?

होते, आणि बहुतेक वेळा स्वस्तात होते. आधी एक विचित्र गोष्ट सांगते. केसपेपरची एक खिडकी आहे, लोक आपापल्या वेळी येतात. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी ४ माणसं तिथे असतात. ९० टक्के झाला की ९. ९५ टक्के झाला की १९! काम पाच-दहा टक्क्यांनीच वाढलं आणि रांग दुपटीनं. म्हणून ‘कर्मचारी जरा पण रिकामा बसता कामा नये’ हे धोरण रांगेच्या बाबतीत उलटं पडतं. थोडी मोकळीक ठेवणं म्हणजे पैसा वाया घालवणं नाही.

आईच्या गुडघ्यासाठी एका सरकारी दवाखान्यात खेपा चालू होत्या तेव्हा मी बसल्या बसल्या वहीत वेळा लिहायचे, कोण कधी आलं, कधी खिडकीशी पोचलं. तीन सकाळी लिहिल्यावर दिसलं की अर्ध्याहून जास्त माणसं पहिल्या दोन एसट्यांतून येतात, एकदम. दहानंतर खिडकी जवळजवळ मोकळी. म्हणजे दिवसभरासाठी अजून एक माणूस नको, सकाळचे दोन तास दुसरी खिडकी पाहिजे. तिथल्या मेट्रन बाईंना वही दाखवली, त्यांनी शांतपणे सगळी पानं उलटून बघितली आणि पुढच्या आठवड्यापासून स्टोअरमधल्या एका मुलाला सकाळी खिडकीवर बसवलं. आईला त्यानंतरच्या खेपेला उभं राहावं लागलं नाही.

किडनीच्या अदलाबदलीत पण हेच वापरतात म्हणे?

हो. बायकोला नवऱ्याची किडनी जुळत नाही, दुसऱ्या घरात आईला मुलाची जुळत नाही, पण आडवी-तिडवी जुळते. दोन जोड्या असतील तर वहीवर जमतं, शंभर जोड्या असतील तर जास्तीत जास्त माणसांना किडनी मिळेल अशा साखळ्या शोधणं हे खरंच अवघड गणित आहे. अल्विन रॉथ यांनी अमेरिकेत यावर काम केलं, २०१२ मध्ये त्यांना लॉइड शेपली यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. भारतात २०११ च्या दुरुस्तीनं कायद्यात अशा अदलाबदलीला जागा मिळाली. गंमत म्हणजे शेपली यांचं १९६२ चं मूळ काम कॉलेज प्रवेशावरच होतं, आणि २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश एकत्र होतात त्यामागे तीच पद्धत आहे. त्याआधी एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवायचा आणि एक जागा शेवटी रिकामी राहायची.

कोल्हापूर-सांगलीचा पूर गणितानं थांबला असता का?

थांबला असता असं मी म्हणणार नाही. कमी झाला असता का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. धरणाचं कोडं असं की उन्हाळ्यात पाणी आणि वीज पाहिजे म्हणून धरण भरून ठेवायचं, आणि पुरापासून वाचायचं तर ऑगस्टमध्ये धरणात जागा मोकळी ठेवायची. कोयना १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं, ते लवकर भरून घेतलं आणि मग जोराचा पाऊस आला की सोडण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तेव्हाच खाली नदी पण भरलेली असते. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, कोल्हापूरकराला हे आकडे पाठ असतात. गणिताचं काम एवढंच की कुठल्या तारखेला धरण किती भरलेलं असावं याचा तक्ता जुन्या पावसावर नुसता आखून न ठेवता पुढच्या काही दिवसांच्या अंदाजाप्रमाणे बदलत ठेवायचा, आणि कोयना, वारणा, राधानगरी, खाली अलमट्टी, ही सगळी एकच कोडं म्हणून सोडवायची. गणितापेक्षा अवघड आहे ते हे की ही धरणं वेगवेगळ्या राज्यांची आणि खात्यांची आहेत. आणि ऑगस्टमध्ये पाणी सोडलं आणि नंतर पाऊसच आला नाही तर त्या इंजिनिअरच्या मागे कोण उभं राहणार? हे लिहून ठेवल्याशिवाय कुठलंच मॉडेल कोणी पाळणार नाही.

हे चुकतं कधी?

चुकतं, आणि चुकतं तेव्हा गरिबांवर पडतं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कनं रँड संस्थेच्या मॉडेलच्या आधारानं काही अग्निशमन केंद्रं बंद केली. मोजलं काय, तर गाडी किती वेळात पोचते. पण ब्राँक्ससारख्या दाट, जुन्या वस्तीत एकाच वेळी अनेक आगी लागतात आणि जवळची गाडी आधीच दुसरीकडे गेलेली असते, हे त्यात नीट आलं नाही. त्या वस्त्या पुढची कित्येक वर्षं जळत राहिल्या. कारणं बरीच होती, पण हे त्यातलं एक.

नेदरलँड्समध्ये तर पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक शोधायला लावलेल्या पद्धतीत दुहेरी नागरिकत्व हा पण संशयाचा निकष होता. हजारो पालकांना चोर ठरवून पैसे परत मागितले, घरं मोडली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

बॉस्टनची गोष्ट जरा वेगळी. २०१७ मध्ये एमआयटीच्या लोकांनी शाळेच्या बसचे रूट काढून दिले, ५० बस कमी लागल्या, वर्षाला ५० लाख डॉलर वाचले, सगळे खूश. मग शाळांच्या वेळा पण गणितानं बदलायला घेतल्या आणि पालकांनी इतका विरोध केला की ती योजना सोडून द्यावी लागली. रूट बदलला तर बसचा ड्रायव्हर बदलतो, वेळ बदलली तर घर बदलतं, आजीला कधी बोलवायचं, आईची शिफ्ट कशी जुळवायची. मला दोन्ही बाजू पटतात, पण आधी विचारायला पाहिजे होतं.

आता एआय आलंय, मग हे जुनं झालं ना?

नाही. एआय अंदाज चांगला करतं, पण ‘दोनच गाड्या आहेत, काय करू’ याला अजूनही तीच गणितं लागतात, आणि या गणितानं का असं ठरवलं हे ग्रामसभेत समजावून सांगता येतं. ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

लोकांची खाजगी माहिती वापरणं बरोबर आहे का?

नावं बहुतेक वेळा लागतच नाहीत. टँकरला घरं किती हे लागतं, कोणाची हे नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्याच्याही आधी साधा नियम पाळा, जी माहिती कामाला नको ती गोळाच करू नका.

माझं गणित कच्चं आहे, शिकता येईल का?

येईल. बारावीपर्यंतची समीकरणं आणि थोडा धीर पुरतो. एक्सेलमध्येच सॉल्व्हर नावाची सोय आहे, तिथे आहाराचं कोडं स्वतः करून बघा, ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, मेथी, गूळ, तुमच्या बाजारातले भाव टाकून. पहिलं उत्तर खाण्यालायक येणार नाही आणि मग तुम्ही अटी घालत जाल, त्यातच अर्धा विषय शिकून होतो. पुढे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फुकट साधनं आहेत, नकाशांसाठी क्यूजीआयएस फुकट आहे. रीतसर शिकायचं तर आयआयटी मुंबईत याचा वेगळा विभाग आहे, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे, आणि आपल्या विद्यापीठांच्या संख्याशास्त्र विभागांतही हा विषय शिकवतात.

आमच्या गावातला एक प्रश्न आहे, सुरुवात कुठून करू?

कॉम्प्युटर उघडू नका अजून. आधी तो प्रश्न ज्याला बोचतो त्याच्याबरोबर एक अख्खा दिवस काढा, पाण्याचा असेल तर हंडा घेऊन उभं राहा, बसचा असेल तर थांब्यावर. काय मोजायचं ते तिथेच कळतं. मग वहीत चार रकाने आखा: कधी, कुठे, किती, आणि किती वेळ थांबावं लागलं. शेवटचा रकाना सरकारी नोंदीत जवळजवळ कधीच नसतो. दोन आठवडे लिहा, सणाचा आणि बाजाराचा दिवस सोडू नका. सोबत ग्रामपंचायतीकडे किंवा तहसीलमध्ये त्यांच्या नोंदींची प्रत मागा, सरळ मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की जिथे जुळत नाहीत त्या ओळीवर पेन्सिलनं खूण करा, आणि त्या ओळीपासून बोलायला सुरुवात करा.